अॅम्पसमोर माइक, की अॅम्पच लॅपटॉपमध्ये?

घरी इलेक्ट्रिक गिटार रेकॉर्ड करायची तर दोन रस्ते आहेत: खऱ्या अॅम्पच्या स्पीकरसमोर माइक लावा, नाहीतर गिटार थेट ऑडिओ इंटरफेसमध्ये (सिग्नल लॅपटॉपपर्यंत नेणाऱ्या डब्यात) लावून अॅम्पचं काम सॉफ्टवेअरवर सोपवा. टोनवरून वाद घालण्याआधी घराच्या भिंती बघा. सेलेस्टियनचा व्हिंटेज ३० हा रॉकवाल्यांचा नेहमीचा स्पीकर; त्याला एक वॉट दिला की एक मीटरवर साधारण १०० डेसिबल आवाज येतो. त्यामुळे 'फ्लॅटसाठी पाच वॉटचा ट्यूब अॅम्प (व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा) घेतो' हा हिशेब फसतो. वॉट निम्मे केले तरी आवाज जेमतेम ३ डेसिबलने उतरतो. तो पाच वॉटवाला छान फाटायला, म्हणजे डिस्टॉर्शन द्यायला, लागेपर्यंत सोसायटीचे सेक्रेटरी दारात हजर!

जागा असेल तर मात्र माइकची मजा वेगळीच. शुअरचा एसएम५७ हा १९६५ पासूनचा माइक आजही पुरतो. तो जाळीला जवळजवळ टेकवून ठेवा आणि कोणाला तरी हेडफोन लावून ऐकायला बसवा. स्पीकरच्या शंकूच्या मध्यावरच्या टोपीसमोर आवाज टोचरा येतो. तिथून दोन-तीन सेंटीमीटर कडेकडे सरकवला की तीच गिटार भरदार वाजते. एवढा फरक ईक्यूची (जाड-बारीक आवाज कमीजास्त करणारी) बटणं फिरवून सहसा मिळत नाही. दुसरा माइक जोडायची हौस जरा आवरा. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटीमीटर जातो, म्हणजे दोन माइकच्या अंतरात थोडी गफलत झाली तरी काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना खाऊन टाकतात आणि टोन पोकळ होतो.

सॉफ्टवेअरची बाजू आता लंगडी राहिलेली नाही. न्यूरल अॅम्प मॉडेलर हे अॅम्पची नक्कल करणारं सॉफ्टवेअर मोफत आहे, आणि मिक्समध्ये बसल्यावर खरा अॅम्प कुठला हे ओळखणं भल्याभल्यांना जड जातं. ज्यांचे सिम, म्हणजे सॉफ्टवेअरमधले अॅम्प, 'माशीसारखे गुणगुणतात', त्यांनी आधी कॅबिनेटचा (स्पीकरच्या पेटीचा) इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे त्या पेटीच्या आवाजाची फाइल (आयआर), चालू आहे का ते बघावं. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं बरंच कापून टाकतो. ते कापणारं कोणी नसेल तर डिस्टॉर्शन कर्कश वाजणारच. दुसरी नेहमीची चूक इनपुटची. गिटारला साधारण १ मेगाओहमचा 'इन्स्ट्रुमेंट' इनपुट लागतो, लाइन इनपुटवर तिची चमक मरते. बफर (लॅपटॉप एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतो तो) १२८ सॅम्पलच्या आसपास ठेवा, नाहीतर बोट आणि आवाज यांची फारकत होते.

सिंगल कॉइल पिकअपची (तारांची थरथर टिपणाऱ्या एकाच वेटोळ्याच्या पिकअपची) ५० हर्ट्झची घरघर दोन्हीकडे पिच्छा पुरवते. अर्थिंग तपासा आणि खुर्ची फिरवून बघा. बसायचा कोन बदलला की ती बरीच उतरते. गेनचंही (डिस्टॉर्शन किती ते ठरवणाऱ्या बटणाचंही) दोन्हीकडे तेच: एकट्याने वाजवताना जेवढा आवडतो त्याहून कमी ठेवा आणि तोच भाग दोनदा वाजवून डावी-उजवीकडे टाका.

माझं मत विचाराल तर फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने सॉफ्टवेअर घ्यावं आणि उरलेल्या पैशांत गिटारचं सेटअप करून नव्या तारा चढवाव्यात. बंगला, गोडाऊन किंवा बँडची प्रॅक्टिस रूम हाताशी असेल आणि अॅम्प आधीच असेल, तर माइक. तेव्हाही डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल अॅम्पच्या आधीच वेगळा काढणारा डबा) लावून कोरा सिग्नल वेगळ्या ट्रॅकवर घ्या. पुढे टोन नाही पटला तर तोच सिग्नल दुसऱ्या अॅम्पमधून काढता येतो, पुन्हा वाजवावं लागत नाही.

लोडबॉक्स, म्हणजे अॅम्पला स्पीकरऐवजी जोडायचा डबा, हा मधला मार्ग आहे: अॅम्प खरा, स्पीकर आयआरचा, खोलीत शांतता. ट्यूब अॅम्पवाल्यांसाठी उत्तम, पण खर्चिक. फक्त लोडबॉक्स नसताना 'आवाज नको' म्हणून स्पीकरची वायर काढून ट्यूब अॅम्प चालवू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.