आनंद बाजार की चिठ्ठ्यांचा बाजार?

बारावीच्या अर्थशास्त्रात मागणी आणि पुरवठा या दोन रेषा जिथे छेदतात, तिथे समतोल किंमत लिहायची असते. मुलं ती बरोबर लिहितात. पण ‘ही किंमत ठरवली कुणी?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘दुकानदाराने’. फार तर ‘सरकारने’. हे ज्यांना खुपतं आणि ज्यांनी या वर्षी फळ्यापलीकडे जायचं ठरवलंय, त्यांच्यासमोर साधारण दोन पर्याय असतात. एक म्हणजे शाळेच्या आवारात भरणारा आनंद बाजार, दुसरा वर्गातल्या वर्गात चालणारा चिठ्ठ्यांचा बाजार. मी दोन्ही घेतले आहेत, आणि दोन्हींबद्दल मला आपुलकी आहे.

आनंद बाजाराची ओळख करून द्यायला नको. भेळ, वडे, मेथीच्या जुड्या, मेंदीचे कोन, आणि गर्दी. पाचवी-सहावीच्या मुलांसाठी याला तोड नाही. पन्नासची नोट हातात घेऊन पस्तीस रुपये परत करताना मुलाचा चेहरा पाहावा, ती वजाबाकी तो कायमची शिकतो. वर्गात तोंड न उघडणारी मुलगी ‘या ताई, या मावशी’ करत गिऱ्हाईक खेचते. पालक येतात, शाळा गावाची होते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना सांगितले, तेव्हापासून मुख्याध्यापकांचाही अशा उपक्रमांना सहसा नकार नसतो.

माझं अडलं ते हिशोबाच्या वहीत. एका मुलीचा हिशोब असा होता: विक्री 380, खर्च 30, नफा 350. खर्च म्हणजे कागदी प्लेटा. साबुदाणा, दाणे, तेल, गॅस सगळं घरचं, आणि पहाटे उठून वडे तळले आईने. मी विचारलं, ‘आईची मजुरी किती धरलीस?’ ती म्हणाली, ‘सर, आईला कुठे पगार असतो?’ तिच्या या एका वाक्यावर अर्थशास्त्राचा आठवडाभराचा पाठ घेता येईल. पण बाजाराच्या दिवशी तो घेता येत नाही, कारण तोवर सर्वाधिक नफ्याचा पहिला नंबर जाहीर झालेला असतो. तो नंबर बहुतेक वेळा ज्याच्या घरून सगळ्यात जास्त सामान फुकट आलं त्याचा. शेजारच्या स्टॉलवर एका मुलाने वाडीतून पेरू विकत आणून विकले होते, त्याला शंभर रुपयेही सुटले नाहीत. धंदा खरा त्यानेच केला होता. टाळ्या मात्र त्याच्या वाट्याला आल्या नाहीत. दरवर्षी थोड्याफार फरकाने हेच घडताना पाहिलं, आणि मन तिथून उठलं.

शिवाय भाव हलतच नाही. सुट्ट्या पैशांच्या सोयीसाठी जवळजवळ सगळं दहा रुपयांना असतं, आणि शेवटच्या अर्ध्या तासात उरलेला माल शिक्षक प्रेमाने विकत घेतात. मुलांना ते आवडतं, मलाही घ्यायला आवडतं. पण माल उरला की भाव उतरतो, ही शिकण्यासारखी गोष्ट नेमकी तिथेच हरवते.

चिठ्ठ्यांच्या बाजाराला मैदान लागत नाही, दोन सलग तास मिळाले की पुरे. आमच्या भागातली बरीच मुलं वडिलांबरोबर पिंपळगाव किंवा लासलगावच्या बाजार समितीत जाऊन आलेली असतात, म्हणून मी माल टोमॅटोचा धरतो. मुलांपैकी आठ ग्राहक, आठ शेतकरी, प्रत्येकाला एकच क्रेट. ग्राहकांच्या चिठ्ठ्यांवर जास्तीत जास्त किती देता येतील ते: 580, 540, 500, 460, 420, 380, 340, 300. शेतकऱ्यांच्या चिठ्ठ्यांवर क्रेटमागे पडलेला खर्च: 200, 240, 280, 320, 360, 400, 440, 480. खर्चाखाली विकायचं नाही, ऐपतीपलीकडे घ्यायचं नाही, आणि चिठ्ठी कुणाला दाखवायची नाही. प्रत्येक चिठ्ठीच्या तीन प्रती काढल्या तर 48 मुलांचा वर्ग सामावतो आणि भावात काही फरक पडत नाही.

पहिली फेरी मी रुमालाखालची घेतो. पूर्वी बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदे व्हायचे, हे मुलांनी आजोबांकडून ऐकलेलं असतं. वर्गभर फिरायचं, जोडीजोडीने कुजबुजून सौदा करायचा. मग 340 ची चिठ्ठी असलेल्या मुलाला 200 खर्चाचा शेतकरी भेटतो आणि 270 ला सौदा होतो. दुसऱ्या कोपऱ्यात 580 वाली मुलगी 440 वाल्याला खुशीने 500 देते. तोच माल, तीच वेळ. हे आकडे फळ्यावर शेजारीशेजारी लिहिले की वर्गात जो गलका होतो, तो ऐकण्यासारखा असतो.

दुसऱ्या फेरीपासून उघड लिलाव. हात वर करून मोठ्याने बोली लावायची, झालेला सौदा लगेच फळ्यावर. चिठ्ठ्या त्याच ठेवून आणखी एक-दोन फेऱ्या घेतल्या की भाव 380 ते 400 च्या आसपास येऊन बसतो आणि सौदे पाच होतात. तिप्पट चिठ्ठ्या असतील तर पंधरा. कुणी ठरवून दिलेलं नसतं, कुणाला दुसऱ्याची चिठ्ठी ठाऊक नसते. त्यानंतर मी चिठ्ठ्या उघड करून रेषा काढायला सांगतो, आणि छेदनबिंदू तिथेच निघतो. ‘दुकानदाराने ठरवली’ हे उत्तर त्या वर्गात पुन्हा फारसं ऐकू येत नाही.

हा खेळ माझा नाही. हार्वर्डमध्ये अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड चेंबरलिन यांनी आपल्या विद्यार्थ्यांवर असा प्रयोग केला आणि 1948 मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थी फिरून आपापसांत सौदे करत, आणि सौद्यांची संख्या पुस्तकी समतोलापेक्षा जास्तच निघे. त्यांच्या वर्गातल्या व्हर्नन स्मिथ यांनी पुढे त्यात दोन बदल केले: बोली उघड लावायची, आणि त्याच चिठ्ठ्यांवर फेरी पुन्हा पुन्हा घ्यायची. भाव समतोलाकडे सरकू लागला. 1962 मध्ये त्यांचा निबंध आला आणि 2002 मध्ये डॅनियल कानेमन यांच्यासोबत त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. अकरावीच्या मुलांना हे सांगितलं की आपण केलं ते नुसता खेळ नव्हतं, हे त्यांना पटतं.

वेळ उरला तर हमीभावाची फेरी जरूर घ्या. 460 च्या खाली सौदा नाही, एवढंच जाहीर करायचं. विकायला सात शेतकरी तयार होतात, घेणारे चारच उरतात. तीन क्रेट घेऊन उभी असलेली मुलं विचारतात, ‘सर, आमचं काय?’ हमीभावाने खरेदी कुणीतरी करावी लागते, हे मग मला सांगावं लागत नाही.

उणिवा आहेत. गोंगाट भरपूर होतो, शेजारच्या वर्गाला आधी कल्पना द्यावी लागते. मित्र एकमेकांना चिठ्ठ्या दाखवतात, म्हणून ग्राहक आणि शेतकरी वेगवेगळ्या रांगांत बसवावे लागतात. आणि आठवीच्या खाली ‘मनातली कमाल किंमत’ ही कल्पना सहसा झेपत नाही, निदान माझ्या वर्गांत तरी.

विज्ञानाच्या सहकाऱ्यांशी बोलताना हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. प्रदर्शनातलं थर्मोकोलचं देखणं मॉडेल अनेकदा घरच्यांच्या हातचं असतं. उलट टाकाऊतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांनी मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात रुजवलेल्या आगकाड्या आणि सायकलच्या वॉल्व्ह ट्यूबच्या रचना घ्या. चौकोन दाबला की लवंडतो, त्रिकोण हलत नाही. ते मुलाच्या स्वतःच्या बोटांना कळतं, घरून करून आणता येत नाही. पुलाच्या कैचीत, म्हणजे आधाराच्या सांगाड्यात, त्रिकोण का, हे त्याला मग वेगळं शिकवावं लागत नाही.

तेव्हा पाचवी ते सातवीला आनंद बाजार खुशाल भरवा. नववीच्या पुढे, विषय किंमत कशी ठरते हा असेल, तर मी चिठ्ठ्यांकडे झुकेन. शाळेने आनंद बाजार ठरवूनच टाकला असेल, तर आपल्या वर्गापुरते दोन नियम घालता येतात. हिशोबाच्या वहीत ‘घरून आणलेलं’ असा वेगळा रकाना ठेवायचा, त्यात सामान बाजारभावाने आणि घरच्यांचे तास गावातल्या मजुरीच्या दराने मांडायचे, आणि नंबर त्या हिशोबावर काढायचे. दुसरं, दर अर्ध्या तासाला भाव बदलायची मुभा द्यायची. बदललेला भाव, वेळ आणि तोवर झालेली विक्री टिपून ठेवायला सांगा, पुढच्या तासाला आलेख त्या नोंदींवरून काढता येतो.