लातुरातील एका खासगी टँकरसेवेविषयी: 2016 पासूनचा अनुभव

लातुरात टँकरवाल्याची पारख करताना पाणी गोडे की खारे हे तर पाहावेच लागते. पण टँकर गल्लीत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत कोणाचे डोके फुटत नाही ना, हे त्याआधी पाहावे लागते. ही अतिशयोक्ती वाटत असेल त्यांनी 2016 चा उन्हाळा आठवावा. मांजरा धरण आटले होते, पाण्यावरून हाणामाऱ्या होतील या धास्तीने मार्चमध्ये जिल्हा प्रशासनाने पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती कलम 144 लावून पाचपेक्षा अधिक लोकांना एकत्र येण्यास मनाई केली होती, आणि 12 एप्रिलला मिरजेहून कृष्णेचे पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी आली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. शहराची वस्ती चार लाखांच्या घरात; म्हणजे माणशी सव्वा लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, तरी वसाहतींना खासगी टँकर घ्यावेच लागले.

आमच्या वसाहतीने आधी ज्या पुरवठादाराला काम दिले होते, त्याचा टँकर केव्हाही येई. भोंगा वाजला की सगळे हंडे, कळश्या घेऊन धावत. नळी एकच, आणि ज्याच्या हाती नळी त्याचे पाणी. तिसऱ्या आठवड्यात नळीच्या ओढाओढीत एका बाईंचे मनगट मोडले. ढकलणारा गृहस्थ एरवी अतिशय सौम्य होता. मात्र आदल्या खेपेस त्याच्या घराच्या दोन घरे आधीच पाणी संपले होते, हे आम्ही सगळेच विसरलो होतो.

त्यानंतर जी सेवा घेतली, तिच्याविषयी हा अभिप्राय आहे. टँकर 5,000 लिटरचा, घरे 25, प्रत्येक घराला 200 लिटर, एक दिवसाआड. पाच माणसांच्या घरात हे माणशी रोज 20 लिटर होते. आपत्तीकाळातील मदतीसाठी जी ‘स्फिअर’ मानके जगभर वापरतात, त्यांत माणशी किमान 15 लिटर आणि रांगेत जास्तीत जास्त अर्धा तास असे सांगितले आहे. पहिली अट सगळ्यांना माहीत असते, दुसऱ्या अटीकडे कोणी फारसे पाहत नाही. या पुरवठादाराने ती पाळली. येण्याची वेळ आदल्या संध्याकाळी फोनवर कळवली जाई. प्रत्येक घराला क्रमांकाचा पत्र्याचा बिल्ला दिला होता, आणि दर खेपेस सुरुवातीचा क्रमांक बदलत असल्यामुळे शेवटचे घर कायम शेवटचे राहत नसे. टँकरच्या मागे चार तोट्या बसवल्या होत्या. एका वेळी चौघांनीच पुढे यायचे आणि बाकीच्यांनी आपापल्या दारात थांबायचे असल्याने पाचांची मर्यादाही आपोआप सांभाळली जाई.

मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट याहून साधी आहे. विहिरीवर पाणी कमी मिळाले, तर चालक गल्लीच्या तोंडाशीच थांबून ‘आज प्रत्येकी 150’ असे सांगत असे, आणि मगच टँकर आत घेई. लोक कुरकुरत, पण धावत नसत. आपल्या वाट्याचे येणार आहे हे पक्के असले, की दीडशे लिटरसाठी कोणी शेजाऱ्याच्या अंगावर जात नाही.

उणिवाही आहेत, आणि त्यांतली एक गंभीर होती. यादीत नसलेल्या पलीकडच्या वस्तीतील बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या राहत, आणि मदतनीस त्यांच्यावर खेकसत असे. दोनदा दगड आले. अखेर आम्ही प्रत्येक घराचे 10 लिटर कमी करून उरलेले 250 लिटर त्यांच्यासाठी राखले; पुरवठादाराने आधी कटकट केली, नंतर तोच बिल्ले वाढवून घेऊन आला. त्यानंतर दगड आले नाहीत. काहींनी त्या काळात कुलपाचे ड्रम घेतले होते. मीही घेतला होता, पण नळी टाकून उपसणाऱ्याला झाकणाचे कुलूप फार वेळ अडवत नाही, आणि सकाळी उठून शेजाऱ्यांकडे संशयाने पाहण्याची सवय मात्र लागते.

फेरीचा दर त्याने एप्रिलमध्ये न सांगता 900 वरून 1,200 रुपये केला, पावती मागितल्याशिवाय मिळत नसे, आणि टाकीचे झाकण इतके मळलेले असे की पिण्याचे पाणी आम्ही उकळूनच घेत होतो. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी पाणी पोचवण्याची सोय नव्हती. ते काम वसाहतीतील मुलांनी केले.

ही सेवा घेणाऱ्यांनी टँकर उभा करण्याची जागा स्वतः ठरवावी. आमच्याकडे आधी तो बंद गल्लीच्या टोकाला उभा राही, तिथे रेटारेटी झाली तर निघायला वाट नव्हती. दोन्हीकडून रस्ता असलेल्या चौकात आणल्यावर फरक पडला. लहान मुलांना पाण्याला धाडू नये. गर्दी खवळलीच, तर हंडा तिथेच सोडून बाजूने बाहेर पडावे, भांडणाचे चित्रीकरण करत उभे राहू नये, आणि सुरक्षित जागी पोचल्यावर 112 क्रमांकावर कळवावे.

मालकाचा मुलगा आता हा व्यवसाय पाहतो. बिल्ले तेच आहेत. चारपैकी एक तोटी गेल्या वर्षी गळत होती. ती बदलून घेतल्याशिवाय मी यंदाची आगाऊ रक्कम देणार नाही, कारण तीनच तोट्या चालल्या तर शेवटच्या घराचा नंबर अर्ध्या तासात लागत नाही.