एर्डनेस चेंज शिकायला बायसिकलचा कॅट: पैसे वसूल

समोरच्याच्या डोळ्यांदेखत हात पत्त्यावरून नुसता फिरवायचा आणि इस्पिकच्या दुर्रीची बदामची राणी करायची. एवढं एक जमावं म्हणून मी 'बायसिकल' या ब्रँडच्या पत्त्यांचा 'रायडर बॅक' नावाचा कॅट मागवला, आणि हा अभिप्राय त्या एका कामापुरताच आहे. रमी किंवा बदाम सात खेळायला पत्ते हवे असतील तर इतके पैसे घालू नका, घरातला कॅट उत्तम चालतो.

या बदलाला एर्डनेस चेंज म्हणतात. १९०२ साली शिकागोत एस. डब्ल्यू. एर्डनेस या टोपणनावाने एक पुस्तक निघालं. आधी जुगाराच्या टेबलावरच्या लबाड्या, मग पत्त्यांची जादू. लेखक खरा कोण, यावर आजही एकमत नाही. डाय व्हर्नन यांच्यासारख्या पत्त्यांच्या जादूतल्या उस्तादाने जन्मभर त्या पुस्तकाचा अभ्यास केला, तेव्हा त्यातली चाल शिकताना घाई कशाला करायची?

चाल अशी. कॅट डाव्या हातात, तोंड वर. उजवा पंजा सपाट त्यावर ठेवायचा आणि बोटांच्या टोकांनी वरची दुर्री इंचभर पुढे सरकवायची. आता खालच्या राणीची मागची पट्टी उघडी पडते. मनगटालगतचा तळव्याचा मांसल भाग तिथे टेकवायचा आणि हात मागे घ्यायचा. राणी तळव्याखाली दडून मागे येते, आणि गंमत म्हणजे समोरच्याला त्या क्षणी दुर्री जागेवरच दिसत असते! राणी दुर्रीच्या मागच्या कडेतून सुटली की हात पुन्हा पुढे न्यायचा. राणी वर चढते आणि दुर्री तिच्याखाली जाते.

सगळा खेळ अडतो तो एका ठिकाणी: तळव्याबरोबर एकच पत्ता आला पाहिजे. पत्ता ८८ मिलिमीटर लांब, त्यातला इंचभर पुढे गेलेला, म्हणजे राणीला साधारण सहा सेंटिमीटर मागे यावं लागतं. तेवढ्या वाटेत तिसरा पत्ता चिकटून आला की संपलं. गुळगुळीत मुलाम्याचे स्वस्त पत्ते जरा वापरले, हाताचा घाम लागला, की एकमेकांना धरून बसतात आणि जोडीनेच येतात. रायडर बॅकच्या पत्त्यांवर बारीक खळगे उठवलेले असतात, त्याला एअर कुशन फिनिश म्हणतात. त्यामुळे दोन पत्त्यांमध्ये हवा राहते आणि हलक्या दाबानेही वरचा पत्ता सुटा निघतो. फरक मला पहिल्याच संध्याकाळी तळव्याला कळला. तोवर मी जोर लावत होते, आणि जोर लावला की अंगठा ताठतो, समोरच्याचं लक्ष नेमकं तिथे जातं.

नवा कॅट मात्र कडक असतो. थोडे दिवस नुसता पिसा, वाकवा, हाताळा, मग चालीला घ्या.

आमचं रत्नागिरीत औषधांचं दुकान आहे आणि गिऱ्हाईक नसतं तेव्हा माझा सराव काउंटरवर चालतो. कागदी पत्त्यांना आमची पावसाळी हवा मानवत नाही. ते फुगतात, कॅट जाड होतो, कडा नीट जुळत नाहीत. त्यावर उपाय सोपा आहे. गोळ्यांच्या बाटल्यांत ओल शोषणाऱ्या पुड्या येतात, त्यातल्या दोन-तीन घट्ट झाकणाच्या डब्यात टाकायच्या आणि रात्री कॅट त्यात ठेवायचा. पूर्ण प्लॅस्टिकचे पत्ते ओल धरत नाहीत हे खरं, पण माझ्या तळव्याला ते निसटतात, म्हणून मी कागदीच वापरते.

पंजा लहान आहे म्हणून कचरणाऱ्या बायकामुलींना मुद्दाम सांगते, या चालीला मोठा हात लागत नाही. पत्त्याची रुंदी ६३ मिलिमीटर आहे. चार बोटं जुळवून ठेवली की माझ्या हाताखाली ती झाकली जाते. बोटांत फट मात्र नको. आणि माणूस समोर हवा. मागून किंवा खांद्यावरून बघणाऱ्याला सगळं दिसतं, त्यामुळे काउंटरपलीकडचं गिऱ्हाईक हा सगळ्यात चांगला प्रेक्षक.

झटका देऊन पत्ता बदलणाऱ्या चाली व्हिडिओत झकास दिसतात, पण मला ही संथ चालच जास्त आवडते. काळा, कमी ठिपक्यांचा पत्ता आणि त्याखाली लाल चित्राचा, अशी जोडी लावा. लांबूनही बदल ठसठशीत दिसतो. इस्पिकच्या तिर्रीची चौकटची तिर्री केली तर निम्मे लोक 'काय झालं?' म्हणून विचारतात.

निळ्या-लाल पाठीत गुणाने फरक नाही. एकदम दोन कॅट घ्या आणि दुसरा सील न फोडता कपाटात ठेवा. सरावाचा कॅट मळून पत्ते अडकायला लागले की हा दुसरा काढायचा, आणि जुना मुलांना खेळायला द्यायचा.