घराबाहेरचे गॅस ग्रिडल: तव्याची जाडी, तेलाचा निचरा आणि गंज

ग्रिडल म्हणजे गॅसच्या बर्नरवर बसवलेला मोठा सपाट तवा. तो निवडताना बहुतेकांची नजर आधी तव्याच्या रुंदीवर आणि मग बर्नरच्या संख्येवर जाते. जाहिरातीतही हेच दोन आकडे सगळ्यात मोठ्या अक्षरांत असतात. मात्र ग्रिडल दहा वर्षं टिकेल की दुसऱ्याच वर्षी गंजून कोपऱ्यात पडेल, हे तव्याची जाडी, तेल वाहून जाण्याची वाट आणि बर्नरभोवतीची पेटी या तीन गोष्टी ठरवतात.

जाडीपासून सुरुवात करू. ९० बाय ५५ सेंटिमीटरचा साध्या पोलादाचा तवा ५ मिलिमीटर जाड असेल, तर एकट्या तव्याचं वजन साधारण १९ किलो भरतं. तेवढाच तवा ३ मिलिमीटरचा असेल, तर जेमतेम १२ किलो. हा सात किलोंचा फरक म्हणजे साठवलेली उष्णता. पातळ तव्यावर गार जिन्नस पसरला की तापमान झटकन उतरतं, पाणी सुटतं आणि भाजायला ठेवलेलं शिजायला लागतं. शिवाय पातळ पत्रा वाकतो. बर्नरच्या वरचा भाग तापून पसरू पाहतो, कडा गार असल्यामुळे त्याला जागा मिळत नाही आणि मधे पोक येतो. मग तेल मधे थांबत नाही, चारी कडांना जाऊन बसतं. घेण्याआधी लांब फूटपट्टी तव्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी धरून पाहा. पट्टीखालून २ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली, तर तो नग घेऊ नका. तवा उचलून खालची बाजूही बघा. आधाराच्या पट्ट्या टोकापर्यंत नीट जोडलेल्या असतील, तर तवा पुष्कळ काळ सपाट राहतो.

धातूंत साधं पोलाद सगळ्यात समजूतदार. ते लवकर तापतं, धातूचं उलथणं सोसतं आणि बिघडलं तरी तेलाचा थर भाजून पुन्हा तयार करता येतं. गंज हा त्याचा एकच खरा शत्रू. बीड उष्णता छान धरतं, पण जड असतं आणि आपटलं तर तडकतं. स्टेनलेस स्टील गंजाला दाद देत नाही, मात्र त्यातून उष्णता साध्या पोलादाच्या तिसऱ्या हिश्शाइतकीच पसरते. नुसता स्टेनलेसचा पातळ तवा बर्नरच्या वर जाळतो आणि बाजूला कच्चं ठेवतो. ले ग्रिडल या कंपनीने म्हणूनच वर स्टेनलेस आणि खाली बीड असा दुहेरी तवा केला आहे. तो महाग पडतो, पण समुद्राकाठी राहणाऱ्यांनी त्याचा जरूर विचार करावा. सिरॅमिकचा लेप असलेले तवे सुरुवातीला फार सुखाचे वाटतात. लेपावर धातूची खरवडणी चालत नाही आणि लेप एकदा उडाला की घरी दुरुस्त होत नाही. रोजच्या दणकट वापराला ते घेऊ नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता बीटीयूचा, म्हणजे बर्नर तासाला किती उष्णता देतात त्याचा आकडा. ब्लॅकस्टोन कंपनीच्या ३६ इंची, चार बर्नरच्या प्रचलित मॉडेलला एकूण ६०,००० बीटीयू आणि ७६८ चौरस इंच तवा मिळतो. कॅम्प शेफ कंपनीच्या एफटीजी ६०० या मॉडेलला ४८,००० बीटीयू आणि ६०४ चौरस इंच. भागाकार केला तर दोन्हीकडे दर चौरस इंचाला ७८ ते ८० बीटीयू येतात, म्हणजे आच जवळपास सारखीच. मोठ्या आकड्याने जास्त कडक भाजलं जात नाही, फक्त जास्त जागा तापते आणि गॅसही जास्त जातो. ६०,००० बीटीयू पूर्ण आचेवर तासाला सव्वा किलो गॅस खातात, त्यामुळे ९ किलोची प्रोपेनची टाकी सात तासांच्या आसपास पुरते. घरात चौघंच असतील, तर दोन बर्नरचा तवा पुरेसा आहे. मोठा तवा अर्धाच पेटवून वापरला, तरी घासावा पूर्ण लागतो.

या दोघांत निवड करायची तर कॅम्प शेफचा तवा उचलून खाली जाळीवर भाजता येतं, ही मोठी सोय आहे. एकाच यंत्रात दोन्ही हवं असेल, तर तोच घ्यावा. त्याचं तेल पुढच्या पन्हळीतून जातं, ते डोळ्यांसमोर राहतं. ब्लॅकस्टोनचं तेल मागच्या बाजूने उतरतं. पुढे उभं राहणाऱ्याच्या अंगावर शिंतोडे येत नाहीत, पण मागचा ट्रे नीट बसला नसेल तर ओघळ पायावरून जमिनीपर्यंत जातो आणि तो कळतो उशिरा. ट्रेगर कंपनीच्या फ्लॅटरॉक ग्रिडलमध्ये तीन बर्नरच्या भागांमध्ये उष्णतारोधक अडसर आहेत. एकीकडे अंडी आणि दुसरीकडे कडक आच असं खरोखर जमतं, शिवाय वाराही आत कमी शिरतो. वेबर कंपनीच्या स्लेट या ग्रिडलचा तवा कारखान्यातूनच तेलाचा थर बसवून तयार होऊन येतो, त्यामुळे पहिल्या दिवसाची मेहनत वाचते. तेल लावून ठेवण्यापासून मात्र त्याचीही सुटका नाही.

वाऱ्याची गोष्ट लोक फार हलक्यात घेतात. तवा आणि पेटी यांच्यातल्या फटीतून वारा शिरला की ज्योत एका बाजूला झुकते आणि अर्धा तवा गार पडतो. तापमान मोजायला इन्फ्रारेड थर्मामीटर चांगला, पण नव्या चकचकीत तव्यावर तो बराच कमी आकडा दाखवतो. तवा काळा झाला की आकडा भरवशाचा होतो. आच कुठे जास्त आहे हे पाहायला सगळ्या तव्यावर पावाच्या स्लाइस मांडून मध्यम आचेवर चार मिनिटं ठेवा आणि उलटवा. तव्याचा नकाशाच समोर येतो.

नवा तवा आधी कोमट पाण्याने आणि साबणाने धुवा. त्यावरचं कारखान्याचं तेल काढायलाच हवं. साबण लावायचा तो या एकाच वेळी. तवा कोरडा करून सगळे बर्नर पेटवा, रंग तपकिरी-निळसर होऊ द्या. मग उंच तापमान सोसणारं रिफाइंड तेल दोन चमचे घेऊन कडा आणि कोपऱ्यांसकट पुसा, आणि तेल लावलंच नव्हतं अशा थाटात पुन्हा कोरड्या फडक्याने पुसून काढा. धूर थांबेपर्यंत, म्हणजे पंधरा-वीस मिनिटं, तापू द्या. असे चार हात पुरे. चिकट, मधासारखा थर झाला तर तेल जास्त झालं असं समजा. जवसाच्या तेलाचा थर सुरेख दिसतो, पण ठिसूळ होऊन पापुद्रे सुटतात. पहिल्या काही वेळी टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर टाळा. आंबट पदार्थ कोवळा थर खाऊन टाकतात.

रोज काम झाल्यावर तवा गरम असतानाच खरवडा. चिकटलेलं निघत नसेल तर आच बंद करून अर्धी वाटी कोमट पाणी थोडं थोडं टाका, वाफेने ते सुटतं. लालबुंद तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतलं तर मात्र तवा वाकतो. शेवटी तेलाचा पुसट हात. तवा पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण किंवा कव्हर घालू नका, आत बाष्प धरतं आणि सकाळी गंजाचे ठिपके दिसतात.

ठिपके आले तरी तवा वाया जात नाही. थोडं तेल टाकून ग्रिल घासायच्या दगडाने घासा, काळं झालेलं तेल पुसा, फडकं स्वच्छ निघेपर्यंत हे करा, मग तवा तापवून वरचेच दोन-तीन हात द्या.

सगळे बर्नर पूर्ण उघडूनही आच मंदच राहत असेल, तर बहुधा टाकी झटक्याने उघडल्यामुळे रेग्युलेटरची सुरक्षा झडप आवळली गेलेली असते. टाकी आणि सगळे नॉब बंद करा, जोडणी सोडून एक मिनिट थांबा, पुन्हा जोडा आणि टाकी अगदी सावकाश उघडा. साबणाच्या पाण्याने जोडणीवर बुडबुडे येतात का तेही पाहा. ज्योत पिवळी आणि आळसट असेल, तर बर्नरच्या नळीच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं शोधा. बरेच दिवस बंद राहिलेल्या ग्रिडलमध्ये ते हमखास सापडतं, आणि लांब लवचीक ब्रशने दोन मिनिटांत निघतं.