कराटेनंतर केम्पो: निशी-कासाईतल्या एका वर्गाबद्दल

टोकियोतल्या निशी-कासाई भागातले मराठी पालक मला हमखास विचारतात, "केम्पो म्हणजे कराटेच ना रे?" मी नाशिकला शाळेत असताना ब्राऊन बेल्टपर्यंत शोतोकान (कराटेची एक शैली) केलं. आता ऑफिस सुटलं की इथल्या शोरिंजी केम्पोच्या वर्गाला जातो. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

फरक दारातच कळतो. कराटेत कमरेत वाकून रेई, म्हणजे नमस्कार. इथे वाकायचं नाही. तळवे डोळ्यांच्या उंचीला जोडायचे, कोपरं बाहेर, नजर समोरच्यावर.

शोतोकानचा निम्मा तास आम्ही ओळीत घालवायचो: लांब झेनकुत्सु-दाची (पुढचा गुडघा वाकवून उभं राहणं), ओई-झुकी (पाऊल टाकत ठोसा), मग हेइआन काता (ठरलेल्या हालचालींची मालिका). घरी गच्चीवर एकट्यानेही सराव व्हायचा. केम्पोत जोडीदाराशिवाय पान हलत नाही. ठोसे, लाथा, ब्लॉक हे गोहो; पकड सोडवणं, सांधे पिळणं हे जुहो. दोन्ही एकाच संध्याकाळी. परीक्षेलाही जोडीनेच एम्बु, म्हणजे आधी बसवलेली लढत, करून दाखवायचा.

ग्याकु-गोते या मनगट पिळायच्या डावाचंच बघा. समोरच्याने मनगट धरलं की हिसका मारून सुटायला जायचं नाही. बोटं फाकवायची, कोपर बरगडीशी आणायचं, आधी हात पक्का करायचा. मग डोळ्यांकडे एक झटपट फटका. तो दचकला की त्याचा पंजा धरून मनगट बाहेरच्या बाजूला वळवायचं. पोस्टातून निवृत्त झालेल्या, माझ्या खांद्यालाही न पोचणाऱ्या एका बाईंनी मला असं लोळवलं की ताकदीचा विषयच निघाला नाही.

घराणंही वेगळं. शोतोकानचे जनक फुनाकोशी 1922 मध्ये ओकिनावाहून टोकियोला कराटे घेऊन आले. शोरिंजी केम्पो दोशिन सो यांनी 1947 मध्ये, युद्धात हरलेल्या जपानात, शिकोकूवरच्या तादोत्सु गावी सुरू केलं. ही मंडळी स्वतःला कराटेवाले म्हणवतच नाहीत. (यूट्यूबवर दिसणारं एड पार्कर यांचं अमेरिकन केनपो हे आणखी तिसरंच.)

आता तक्रारी. मॅट नाहीत, लाकडी जमीन. पडायला शिकेपर्यंत खांदा बोलतो. सगळं जपानीत, चिंकोनला (ध्यानाला) बसून म्हणायचे पाठसुद्धा. मुलाला मेडलं हवी असतील तर इथे आणू नका, सरळ स्पर्धेचं कराटे लावा. अंगावर फटके झेलायची हौस असेल तर क्योकुशिन हे कराटे आहेच; तिथे हाताने तोंडावर मारायचं नाही, पण अंगावरचे ठोसे-लाथा पूर्ण जोरात.

सेन्सेई (शिक्षक) दिवसा नोकरी करतात, त्यामुळे फी जिमपेक्षा कमी आणि शिकवण्यात घाई नाही. तिशी-चाळिशीतल्यांनी जरूर जावं. पहिला वर्ग फुकट आहे. साधा ट्रॅकसूट चालतो, पण नखं कापून जा, नाहीतर जोडीदाराच्या मनगटावर ओरखडे उठतात.