3,600 रुपयांसाठी तारण ठेवलेली माणसे

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते आणि शिवाजी उद्यमनगरातील एका मशिन शॉपमध्ये हिशेबाचे काम करते. माझा पगार 18,000 रुपये असून तो दर महिन्याच्या 10 तारखेला होतो. गेल्या जूनमध्ये मुलाची फी, वह्या-पुस्तके आणि सासूबाईंची औषधे एकदमच अंगावर आली. मालकांकडे उचल मागावी, तर मे महिन्यातील लग्नकार्यासाठी घेतलेली उचल अजून फिटली नव्हती. गुजरीत, म्हणजे आमच्या सराफ बाजारात, अंगठी गहाण ठेवता आली असती, पण त्यासाठी घरात सांगावे लागले असते, आणि ते टाळण्यासाठीच मी 19 जूनच्या रात्री फोनवर दिसलेल्या जाहिरातीवरून एक कर्जाचे अ‍ॅप घेतले.

आधार, पॅन आणि स्वतःचा फोटो दिल्यानंतर अ‍ॅपने माझ्या फोनमधील नंबरांची यादी, फोटो, संदेश आणि ठिकाण पाहण्याची परवानगी मागितली. ती दिल्याशिवाय पुढचे पान उघडतच नव्हते. 6,000 रुपये मंजूर झाल्याचा संदेश आला, मात्र खात्यात जमा झाले 3,600. उरलेले 2,400 रुपये प्रक्रिया शुल्क, सेवा शुल्क आणि कर या नावांखाली आधीच कापून घेतले होते. अर्ज करताना 91 दिवसांची मुदत दिसत होती, ती पैसे जमा होताच 7 दिवसांची झाली.

हा हिशेब मी नंतर कागदावर मांडला, आणि तो प्रत्येकाने एकदा मांडून पाहावा असे मला वाटते. 3,600 रुपयांवर सात दिवसांत 2,400 रुपये म्हणजे आठवड्याला 66 टक्क्यांहून अधिक, आणि वर्षाच्या हिशेबाने सुमारे 3,476 टक्के. महाराष्ट्रात परवानाधारक सावकाराला बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला 18 टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. त्या दराने माझ्या सात दिवसांचे व्याज साडेबारा रुपयेसुद्धा झाले नसते.

सहाव्या दिवशी सकाळी सात वाजता, मी डबा भरत असताना, पहिला फोन आला. बोलणारा मुलगा आवाज न चढवता म्हणाला, "मॅडम, तुमच्या यादीत 'मामा कागल' म्हणून एक नंबर आहे. त्यांना लावू का?" त्या एका वाक्याने माझे हातपाय गळाले. पैसे नाहीत म्हटल्यावर त्यानेच दुसऱ्या अ‍ॅपची लिंक पाठवली. 26 जूनला तिथून 10,000 च्या कर्जापोटी 6,000 हातात आले, ते सगळे पहिल्या अ‍ॅपला गेले. 3 जुलैला आणखी दोन अ‍ॅपमधून 8,500 ची दोन कर्जे घेतली, प्रत्येकी 5,000 मिळाले आणि ते दुसऱ्या अ‍ॅपला गेले. 10 जुलैला पगार होताच त्यातले 17,000 रुपये भरून मी सगळी देणी संपवली. माझ्या घरात प्रत्यक्ष खर्चाला आले होते 3,600 रुपये, आणि तीन आठवड्यांत त्यापायी 13,400 रुपये वर गेले. दरवेळी पैसे भरायला मिळालेला यूपीआय पत्ता वेगळ्या नावाचा असे, आणि एकदाही ते नाव कंपनीचे नव्हते.

प्रकरण तिथे संपेल असे मला वाटले होते. 12 जुलैला मी अर्जही न केलेल्या एका अ‍ॅपकडून माझ्या खात्यात 4,000 रुपये आले आणि सात दिवसांत 7,000 भरा असा संदेश आला. या वेळी मी नकार दिला. आठवड्याभराने संध्याकाळी शेजारच्या वहिनी दाराशी आल्या, हातातला फोन पालथा धरून. "तू बघू नको. पर तुला कळायला पायजे म्हणून आले," एवढेच त्या म्हणाल्या. कर्जासाठी मी दिलेला माझाच फोटो विकृत करून, खाली 'चोर' असे लिहून, माझ्या यादीतील लोकांना पाठवला गेला होता. त्यात माझे मामा होते, मुलाच्या वर्गशिक्षिका होत्या, आणि वर्षातून एकदा ज्यांना फोन करते ते गॅसवालेसुद्धा होते.

या कर्जाला तारण नाही असे जाहिरातीत लिहिलेले असते. तारण असते, आणि ते सोन्यापेक्षा जड असते. आपण आपली माणसे आणि त्यांच्यातली आपली अब्रू अ‍ॅपवाल्यांकडे गहाण ठेवत असतो, आणि पैसे फेडल्यावर गुजरीतून अंगठी परत येते तशी ती परत येत नाही, कारण ती यादी त्यांच्याकडेच राहते.

हे सगळे बेकायदेशीर आहे, याची माहिती मला फार उशिरा झाली. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्या अ‍ॅपला फोनमधील नंबरांची यादी किंवा फोटो पाहता येत नाहीत. सगळा खर्च धरून होणारा वार्षिक दर कर्जदाराला आधीच लेखी द्यावा लागतो, परतफेड थेट बँकेच्या किंवा नोंदणीकृत वित्त कंपनीच्या खात्यातच घ्यावी लागते, आणि वसुलीचे फोन सकाळी 8 च्या आधी व संध्याकाळी 7 नंतर करता येत नाहीत. ज्याच्यामागे अशी बँक किंवा कंपनीच नाही, तो विनापरवाना सावकार ठरतो. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमात त्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

त्या रविवारी आमच्या भिशीच्या बैठकीला जाऊ नये असे मला वाटत होते. सासूबाईंनी मला हाताला धरून नेले. मी तिथे सगळे सांगितले, फोटोबद्दलही सांगितले. काही वेळ कोणी बोलले नाही. मग एक जण म्हणाली की तिच्या मुलाने असेच कर्ज घेतले आहे आणि तो दोन महिने गावाकडे गेलेला नाही. त्यानंतर आणखी दोघी बोलल्या. चार घरे एकाच पेठेतली, आणि एकीलाही दुसरीचे ठाऊक नव्हते.

आम्ही सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली, सायबर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला आणि सावकारीचे निबंधक असलेल्या जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे चौघींच्या सह्यांचे निवेदन दिले. न मागता आलेल्या 4,000 रुपयांबद्दल मी बँकेच्या शाखेत पत्र देऊन पोच घेतली. कोणाच्या लिंकवर ती रक्कम परत पाठवली नाही. फोटो गेलेल्या प्रत्येकाला मी स्वतः फोन करून खरे काय ते सांगितले. धमक्यांचे फोन पंधरा दिवस आले आणि मग थांबले. माझे गेलेले पैसे अजून मिळालेले नाहीत.

आमची मागणी केवळ पोलिसांकडे नाही. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना राज्याचा सावकारी कायदा लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले आहे, म्हणून अशा छोट्या कर्जांच्या एकूण खर्चावर देशपातळीवरच कमाल मर्यादा हवी. अमेरिकेत पगारावर दिल्या जाणाऱ्या अशाच कर्जांत सैनिक अडकू लागले, तेव्हा 2006 मध्ये त्यांच्यासाठी वार्षिक 36 टक्क्यांची मर्यादा कायद्याने घालण्यात आली. इथल्या फाउंड्रीतल्या कामगारालाही असे संरक्षण मिळायला हवे. उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील कारखानदारांनी पगारातून फिटणारी छोटी उचल महिन्यातून एकदा तरी बिनव्याजी द्यावी, असे विनंतीपत्र आम्ही घेऊन फिरतो आहोत. माझ्या मालकांनी ते वाचून लगेच होकार दिला, आणि मी जूनमध्ये त्यांना विचारलेच नव्हते.

भिशीत आता दरमहा प्रत्येकी 100 रुपये वेगळे ठेवतो. कोणाला अडचण आली तर कारण न विचारता ते मिळतात.

पेठेतल्या तालमीच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही तक्रारअर्ज लिहून देतो. येताना बँकेचे पासबुक आणा आणि फोन जसा आहे तसाच आणा. लाजेपोटी संदेश पुसू नका, अ‍ॅपही काढून टाकू नका. अ‍ॅपचे नाव, आलेले नंबर, यूपीआय पत्ते आणि व्यवहार क्रमांक आधी उतरवून घ्यावे लागतात.