येझदी रोडकिंग : एक भंगारात घातली, दुसरी दोन वर्षं चालवतोय

आधीच सांगतो, येझदीची ही जुनी मोटरसायकल, माझी दुसरी रोडकिंग. पहिली नानांची, म्हणजे वडिलांची होती, 1985 ची, काळी, आणि ती मी 2004 ला नाशिकच्या अंबड लिंक रोडच्या भंगारवाल्याला 1800 रुपयात दिली. अजून तो आकडा आठवला की पोटात कालवतं.

नाना सातपूरला कंपनीत होते, फर्स्ट शिफ्ट असली की सकाळी साडेसहाला गाडी सुरू व्हायची आणि गल्लीतल्या बायका त्या आवाजावर दूध तापवायला ठेवायच्या. नांदुरीचा घाट चढून सप्तशृंगी गडावर आम्ही चौघं जायचो, मी टाकीवर, आई मागे ताईला मांडीवर घेऊन. मग 1996 ला येझदी बनवणारी म्हैसूरची आयडियल जावा कंपनी बंद पडली, पार्ट मिळेनात, गाडी जिन्याखाली दोन वर्षं उभी राहिली, मी नवीन फोर स्ट्रोक घेतली होती जी 65 चा अ‍ॅव्हरेज देत होती आणि जिन्याखाली मला तिच्यासाठी जागा पाहिजे होती, एवढंच कारण, दुसरं काही नाही. हातगाडीवर चढवायच्या आधी नानांनी टूलबॉक्स उघडून त्यातला प्लग पाना तेवढा काढून घेतला. काहीच बोलले नाहीत. मला तेव्हा काही कळलं नाही.

त्यात 2011 ला सिडकोतला एक जण चालू गाडी, कागदपत्रं क्लिअर, 12 हजारात देत होता, तीही मी सोडली. म्हटलं टू स्ट्रोक, धूर, ऑइल, कोण करत बसेल. शेवटी 2023 ला सिन्नरहून 1989 चं मॉडेल 90 हजाराला आणलं, वर 35 हजार खर्च केले. म्हणजे 1800 ला दिलेली वस्तू सव्वा लाखाला परत घेतली, आणि तरी ती नानांची नाहीच.

आता गाडीबद्दल. 250 सीसी टू स्ट्रोक, एकच सिलिंडर पण सायलेन्सर दोन, चार गिअर. ज्यांनी कधी चालवली नाही त्यांना सांगतो, हिची किक आणि गिअर एकच दांडा आहे, डाव्या बाजूला. तो आत दाबून वर फिरवला की किक, गाडी सुरू झाली की परत खाली आणायचा की झाला गिअर. पहिले आठ दिवस मी मुंबई नाक्याच्या सिग्नलला बंद पडलो की घाम फुटायचा. पण एकदा पायाला सवय झाली की दुसऱ्या गाड्यांवरच चुकल्यासारखं वाटतं. क्लच पण सेमी ऑटोमॅटिक आहे, गिअरचा दांडा दाबला की क्लच आपोआप सुटतो, हाताने लिव्हर न दाबता गिअर पडतो. सेटिंग बरोबर असेल तरच हां, नाहीतर खडाड आवाज येतो.

त्र्यंबक रोडला पपया नर्सरीच्या पुढे रस्ता मोकळा झाला की 50-60 ला जी चालते ना, त्या स्पीडला हिच्यासारखं सुख नाही. खालून ओढते, अंजनेरीच्या चढाला गिअर उतरवावा लागत नाही. ब्रेक मात्र पुढे मागे दोन्ही ड्रम, डिस्कची सवय असेल तर आधीपासून अंदाज घेऊन चालवा, पावसात तर नक्कीच. मला अ‍ॅव्हरेज 28 मिळतोय. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं, मी लिटरला 40 मिली टाकतो, बाटली डिकीत कायम.

जुनी घेणार असाल तर धूर बघा. गरम झाल्यावरही पांढरा धूर ढगासारखा येत असेल तर क्रँकचं ऑइल सील गेलेलं असू शकतं आणि इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल खेचत असतं, माझ्या गाडीत हेच निघालं. भद्रकालीतल्या चाचांनी इंजिन खोललं, सील बदलले, सायलेन्सरच्या आतल्या नळ्या काढून काजळी जाळून साफ केली, 12 दिवस घेतले पण काम एक नंबर. प्लगच्या ठिणगीची वेळ ठरवणारे पॉइंट सेट करताना कानाने ऐकून करतात, मी शेजारी बसून बघितलंय.

आणि कागद बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. चेसिस नंबर, इंजिन नंबर आरसी बुकाशी स्वतः जुळवा. 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी पेठ रोडला आरटीओत गाडी दाखवून पासिंग करावं लागतं, 2022 च्या एप्रिलपासून दुचाकीची ती फी 300 ची 1000 झाली होती, पर्यावरण कर वेगळा. मी 2004 ला गाडी दिली तेव्हा आरसी रद्दसुद्धा केली नव्हती, बुकासकट देऊन टाकली, तसं अजिबात करू नका.

2022 ला येझदी नाव परत आलं तेव्हा नवीन पण चालवून बघितली, 334 सीसी, लिक्विड कूल्ड, फोर स्ट्रोक. चांगली आहे, ब्रेक तर कुठल्या कुठे. रोज ऑफिसला जायचं असेल तर तीच घ्या. मला पाहिजे होता तो आवाज तिच्यात नव्हता.

माझ्याकडून 5 पैकी 4, एक मार्क पार्टसाठी कापला. केबल, पॉइंट, पिस्टन मिळून जातं, पण बारीकसारीक ओरिजिनल वस्तूंसाठी वणवण आहे. प्लग खोलायला नानांनी त्यांचा तो पाना दिलाय, एकोणीस वर्षं फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला होता, बसला बरोबर. डाव्या टूलबॉक्सचं झाकण तेवढं अजून मिळालेलं नाही. नानांच्या गाडीची दोन्ही होती. कोणाकडे पडलं असेल तर सांगा, रंग कुठलाही चालेल.